एकांत, एकटेपणा आणि खिशातला पोस्टमन

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत सागवानी पाटाचा एक झोपाळा आहे आणि वर्षातून दोनदा तेल घातले तरी त्याची डावी कडी कुरकुरायची थांबत नाही. मागच्या महिन्यात एका दुपारी मी फोन आतल्या खोलीतल्या फडताळात ठेवला, भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झालेली पाहिली आणि पंधरा मिनिटे या झोपाळ्यावर काहीही न करता बसायचे ठरवले. तिसऱ्या मिनिटाला उजवा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा आहे हे ठाऊक असूनही गेला. पाचव्या मिनिटाला छातीशी फोन थरथरल्याचा स्पष्ट भास झाला. मग खाली 'पस्ती, भंगार' अशी हाळी देत एक हातगाडी गेली, तिच्यामागून दूधवाल्याचा राहिलेला हिशेब आठवला, आणि नवव्या-दहाव्या मिनिटाच्या सुमाराला बारा वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत चुलत भावाला मी जे बोललो होतो ते, त्याच्या चेहऱ्यासकट, समोर येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत त्या प्रसंगाची आठवण मला एकदाही झाली नव्हती, किंवा होऊ लागली असेल तेव्हा मी दुसरीकडे पाहिले असेन. या पंधरा मिनिटांत घडलेल्या बहुतेक गोष्टींवर गेल्या काही दशकांत मानसशास्त्रात आणि मेंदूविज्ञानात काम झालेले आहे, आणि ते समजून घेतले तर 'फोनने माणसाला बिघडवले' या ढोबळ तक्रारीपेक्षा बरेच अधिक काही हाती लागते.

मराठीत 'एकांत' आणि 'एकटेपणा' हे दोन वेगळे शब्द आहेत आणि बोलताना आपण त्यांची सहसा गल्लत करीत नाही. 'मला जरा एकांत हवा' असे माणूस म्हणतो. 'मला जरा एकटेपणा हवा' असे कोणी म्हणत नाही. एकटेपणा ही उणीव आहे: जसा आणि जितका सहवास हवासा वाटतो आणि जितका प्रत्यक्षात मिळतो, त्यांतले अंतर. म्हणून भरल्या घरातही तो असू शकतो. एकांत ही मनाची एक स्थिती आहे, आणि तिची मला पटलेली सर्वांत कामाची व्याख्या अशी की काही काळ दुसऱ्या कोणाच्याही मनातून निघालेला मजकूर आपल्या मनात शिरत नसणे म्हणजे एकांत. या व्याख्येने पाहिले तर आसपास माणसे आहेत की नाहीत हा प्रश्नच गौण ठरतो. मकरपुऱ्याच्या बसमध्ये दांडा धरून उभ्या असलेल्या, खिडकीबाहेर पाहणाऱ्या माणसाला एकांत असू शकतो, आणि दाराला कडी लावून पडल्या पडल्या रील पाहणाऱ्याला तो नसतो, कारण त्या खोलीत अर्ध्या तासात शंभर माणसे बोलून जातात. सतत जोडलेल्या जगण्याची खरी अडचण इथे आहे: फोन एकांत हमखास घालवतो, पण एकटेपणा घालवीलच याची काही शाश्वती नाही.

दोन्हींची उदाहरणे शोधायला बडोद्याबाहेर जावे लागत नाही. अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात बडोदा संस्थानाच्या सेवेत होते आणि दांडिया बाजारातला त्यांचा बंगला आज अरविंद निवास म्हणून ओळखला जातो. डिसेंबर १९०७ मधल्या सुरत काँग्रेसच्या गदारोळानंतर ते पुन्हा या शहरात आले, तेव्हा राजकारणाने त्यांना चहूकडून घेरलेले होते. त्याच दिवसांत विष्णू भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याबरोबर ते सरदार मजुमदारांच्या वाड्यातल्या एका खोलीत तीन दिवस बसले. लेल्यांनी त्यांना सांगितलेली युक्ती थोडक्यात अशी होती की विचार आपल्या आतच उगवतात असे वाटते खरे, पण नीट पाहिले तर ते बाहेरून येताना दिसतील, आणि आत शिरण्याआधीच त्यांना परत पाठवावे. योगाच्या अंगाने याचा अर्थ अधिकारी माणसाने सांगावा. माझ्यासारख्या साध्या वाचकाला त्यात एवढेच दिसते की बाहेरचा मजकूर आत येण्याचे दार नेमके कुठे आहे हे ओळखण्याची गरज तेव्हाही भासली होती, आणि त्या काळात त्या खोलीपर्यंत पोहोचू शकणारा सर्वांत वेगवान मजकूर म्हणजे तार होती.

त्यानंतर दहा वर्षांनी, सप्टेंबर १९१७ मध्ये, बाबासाहेब आंबेडकर संस्थानाच्या नोकरीसाठी याच शहरात आले आणि अस्पृश्यतेमुळे त्यांना कुठेही राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी पथिकाश्रमाच्या वरच्या मजल्यावर ते नाव बदलून राहिले. विजेचा दिवा नाही, वटवाघळांची फडफड चाललेली, अशा त्या अंधाऱ्या दालनात कंदिलाच्या उजेडात वाचत बसून आपण एकटे आहोत हे विसरण्याचा आपण कसा प्रयत्न करीत होतो, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले, आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. याला एकांत म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. खोली रिकामी होती, बाग मोकळी होती, पण त्या एकटेपणाची निवड त्यांनी केलेली नव्हती. तो त्यांच्यावर लादला गेला होता. आजच्या संशोधनातही हाच मुद्दा पुन्हा पुन्हा पुढे येतो: माणूस एकटा किती वेळ होता यापेक्षा तो आपल्या इच्छेने एकटा होता का, हे पाहावे लागते.

वाचनाचा विषय निघालाच आहे तर एक शंका इथेच फेडून टाकू. पुस्तक वाचणे म्हणजेही दुसऱ्याच्या मनातला मजकूर आत घेणे नव्हे काय? व्याख्येवर बोट ठेवले तर होय. पण मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत, सयाजीरावांनी १९१० साली बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून सुरू केलेल्या त्या ग्रंथालयात, ज्याने कधी एखादी दुपार काढली आहे त्याला फरक सांगावा लागत नाही. पुस्तकावरून नजर उचलली तर पान तिथेच थांबते. ते पुढे सरकत नाही, आपल्याला हाक मारीत नाही, आणि आपण किती वेळ थांबलो याची नोंदही ठेवत नाही. आपल्या विचाराला जागा करून देणारा मजकूर आणि ती जागाच व्यापून टाकणारा मजकूर यांत मी तरी मोठा भेद मानतो.

आता असे विचारता येईल की पूर्वीच्या माणसांना हा एकांत मिळत तरी कुठे होता. प्रश्न रास्त आहे. ज्या घरात मी वाढलो तिथे चार खोल्यांत अकरा माणसे होती आणि स्वतःची खोली ही कल्पना कोणाच्या स्वप्नातही नव्हती. बायकांना तर दिवसभरात दार लावून बसण्याची सोयच नव्हती. तरीही एकांत होता, पण तो खोल्यांत नव्हता, कामांच्या मधल्या फटींत होता. तांदूळ निवडताना, दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याकडे पाहत उभे राहताना, रेशनच्या रांगेत, नळाला पाणी येण्याची वाट पाहताना, भरजेवणानंतर झोपाळ्यावर, रात्री दिवा मालवल्यापासून झोप लागेपर्यंत. यांतला एकही वेळ 'एकांताचा' म्हणून कोणी राखून ठेवलेला नव्हता आणि त्याला कोणी ते नावही दिले नसते. हात किंवा पाय गुंतलेले असत आणि मन मोकळे असे, एवढेच. माझी आत्या आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे; तिच्या आयुष्यातले बहुतेक मोठे निर्णय तिने गहू निवडताना घेतले असे ती सांगते, आणि ते खोटे नसावे.

फोनने नेमक्या या फटी भरून काढल्या. घरातली एखादी खोली त्याने बळकावली असती तर आपल्या लगेच लक्षात आले असते. पण लिफ्टमधली चाळीस सेकंदे, कुकरच्या दोन शिट्ट्यांमधला वेळ, दवाखान्यातल्या बाकावरचा अर्धा तास गेला तर त्याची दखल कोण घेणार? एकेक फट इतकी लहान की तिची किंमत शून्य वाटावी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा मोजून-मापून वापरण्याचे दिवस संपले, आणि त्यानंतर या फटी बुजवण्याचा खर्चही जवळजवळ उरला नाही.

हात खिशाकडे आपोआप का जातो, हे समजायला पोस्टमनचे उदाहरण पुरेसे आहे. पोस्टमन येण्याची वेळ ठरलेली असे. त्याच्या येण्याआधीचा अर्धा तास माणूस दाराकडे पाही आणि तो गेला की दुसऱ्या दिवसापर्यंत तो विषय मनातून जाई. आता कल्पना करा की पोस्टमन दिवसात कितीही वेळा, कोणत्याही क्षणी येऊ शकतो. बहुतेक वेळा तो जाहिरातीचे कागद टाकून जातो, पण दहा-वीस खेपांतून एकदा मनासारखे पत्र असते, आणि ती खेप कोणती हे कधीच कळत नाही. अशा गावात कोणी दारापासून हललेच नसते. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत हेच दाखवले होते: ठरावीक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळत असेल तर कबूतर दाणा मिळाल्यावर थोडे थांबते, पण दाणा कितव्या वेळी मिळेल याचा नेम नसेल तर ते न थांबता चोच मारीत राहते. जुगाराची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. मेंदूतल्या पेशी सोडतात त्या डोपामिनला वर्तमानपत्रांतून 'सुखाचे रसायन' म्हणून टाकतात, ते अपुरे आहे. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी १९९० च्या दशकात माकडांवर केलेल्या कामातून असे दिसले की डोपामिन सोडणाऱ्या पेशी बक्षिसापेक्षा अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाला दाद देतात. जे मिळणार हे पक्के ठाऊक आहे त्याने त्या फारशा हलत नाहीत. अनपेक्षित मिळाले की हलतात. खिशातला पोस्टमन कायम अनपेक्षितच असतो.

त्यात काही भर माणसांनी मुद्दाम घातलेली आहे. २००६ साली आझा रस्किन या रचनाकाराने पान कधीच न संपणारी, खाली सरकवत राहावी अशी मांडणी तयार केली, आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल त्याने स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, तिथे खेळाच्या बातम्या संपतात आणि माणूस घडी घालून उठतो. न संपणाऱ्या पानाला उठण्याची जागाच ठेवलेली नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या, आणि तेव्हापासून उत्तर न देणे हेही एक उत्तर झाले. ही गोष्ट माझ्या मते पुरेशी कोणी मनावर घेतलेली नाही. पूर्वी पत्राला पंधरा दिवस उत्तर नसले तरी 'टपालात गहाळ झाले असेल' ही सर्वांना सोयीची पळवाट होती; आता तुम्ही वाचले आहे हे समोरच्याला कळते, आणि दूर राहण्याचा साधा हक्क बजावायलाही कारण द्यावे लागते.

फोन पाहून झाल्यावरही तो पूर्ण दूर होत नाही. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये या गोष्टीचा अभ्यास मांडला. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळले की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. मराठीत याला खरकटे म्हटले तर चटकन समजेल. ताट बदलले, पण हात धुतलेला नाही. कॅलिफोर्नियातल्या ग्लोरिया मार्क यांनी २००४ मध्ये मोजले तेव्हा लोक पडद्यावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटे टिकत. अलीकडच्या वर्षांत ही सरासरी सुमारे ४७ सेकंदांवर आली आहे. म्हणजे दिवसभर खरकट्यावर खरकटे. नुसता फोन टेबलावर असला तरी विचारशक्ती कमी होते, असा एक गाजलेला निष्कर्ष २०१७ मध्ये आला होता. पण नंतर इतरांनी तो तपासला तेव्हा सगळ्यांना तोच परिणाम दिसला नाही, म्हणून तो हातचा राखूनच सांगितलेला बरा.

मग या फटींत मेंदू करीत तरी काय असतो? शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला हा अवयव शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो, आणि एखादे अवघड गणित सोडवायला बसलो तरी हा खर्च जेमतेम काही टक्क्यांनीच वाढतो. याचा सरळ अर्थ असा की आपण 'काहीच करीत नाही' तेव्हाही कारखाना चालूच असतो. सेंट लुईसच्या मार्कस राइकल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मेंदूतल्या अशा भागांचे वर्णन केले, जे बाहेरचे काम हाती घेतले की शांत होतात आणि काम खाली ठेवले की जागे होतात. जुन्या आठवणी आपल्या आयुष्याच्या कथेत बसवणे, उद्याचा अंदाज बांधणे, समोरच्याला काय वाटले असेल याचा विचार करणे, या कामांत हे भाग गुंतलेले दिसतात. झोपाळ्यावरच्या नवव्या मिनिटाला चुलत भावाचा चेहरा का आला, याचे उत्तर बहुधा इथे कुठेतरी आहे. बाहेरचा मजकूर थांबला, आणि बारा वर्षे राहून गेलेले काम मेंदूने बाहेर काढले.

असे काम सुखाचे असतेच असे नाही, आणि एकांताची स्तुती करणारे इथेच थोडी लबाडी करतात. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांना दिवसातून कोणत्याही वेळी फोनवरूनच विचारले की तुम्ही आत्ता काय करता आहात, मन कुठे आहे आणि कसे वाटते आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते, आणि ते भटकत असताना माणसे एकूण कमी आनंदी होती. २०१४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन यांच्या गटाने तर लोकांना १५ मिनिटे रिकाम्या खोलीत बसवले आणि जवळ एक बटण ठेवले, जे दाबले की स्वतःलाच विजेचा सौम्य पण नकोसा झटका बसे; हा झटका टाळण्यासाठी आपण पैसे मोजू असे ज्यांनी आधी सांगितले होते अशाच लोकांची ही मोजणी. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी बटण दाबले. लहान प्रयोग आहे, त्यावरून साऱ्या मानवजातीबद्दल बोलू नये. पण फोन हा आपला विजेचा झटका आहे आणि तो फक्त अधिक रंगीत आहे, एवढे मनात आल्याशिवाय राहत नाही.

अधिक उपयोगाचा निष्कर्ष न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठातून २०१८ मध्ये आला. पंधरा मिनिटे एकटे बसल्यावर माणसाच्या तीव्र भावनांची धार कमी होते, आणि तीही दोन्ही बाजूंची: संताप आणि धास्ती उतरते, तसा उत्साहाचा भरही ओसरतो. म्हणजे एकांत सुख देतो असे नव्हे. तो आच मंद करतो. आच मंद झाल्यावर हाती शांतता लागेल की उदासी, हे बऱ्याच अंशी माणूस स्वखुशीने बसला होता की नाही यावर अवलंबून असते. कामाठी बागेतले ते तास आणि मजुमदार वाड्यातले ते तीन दिवस यांतला फरक प्रयोगशाळेच्या भाषेत काहीसा असा येतो.

म्हणूनच 'फोन बंद करा' हा सरसकट सल्ला मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा जाणवतो, आणि त्याचा भार मनाप्रमाणे शरीरावरही पडतो. ब्रिटनने २०१८ सालीच या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपवली. आमच्या आत्याचे यजमान गेले, लेक मेलबर्नला. दुपारी दोनच्या सुमारास लेकीचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा तिकडे संध्याकाळ झालेली असते आणि नातू जेवायला बसलेला असतो. आत्या त्याला पडद्यातून 'भात संपव' म्हणून दटावते आणि तोही संपवतो. तो अर्धा तास तिच्याकडून काढून घेणे म्हणजे तिला एकांत देणे नव्हे. तो कॉल संपल्यावर ती पुढचे दोन तास कोणाकोणाचे सुप्रभात आणि कोणाकोणाची औषधे पुढे पाठवीत बसते, तेव्हा मात्र तिचा एकटेपणा तसूभरही हललेला मला दिसत नाही. यंत्र तेच, बोटे तीच. एकात समोर माणूस आहे आणि दुसऱ्यात नाही.

तिने स्वतः यावर काही विचार केला आहे असे मला वाटत नाही, पण तिच्या दिवसात एक फट अजून शाबूत आहे. चार वाजता ती खिडकीशी कापूस घेऊन बसते आणि बोटांना राख लावून वाती वळते. फोनचा पडदा बोटाच्या कातडीतून मिळणाऱ्या विजेच्या सूक्ष्म बदलावर चालतो, आणि राखेने माखलेल्या बोटाला तो धड जुमानत नाही. कणकेच्या हातालाही नाही. परवा मी तिथेच झोपाळ्यावर होतो तेव्हा तिचा फोन वाजू लागला. मी उठून आणून देऊ लागलो, तर मान वर न करता ती म्हणाली, "वाजू दे रे. हात राखेचे आहेत." वात वळून झाली, तिने ती डब्यात ठेवली आणि दुसऱ्या कापसाला हात घातला. फोन थांबला. चुलत भावाला मी अजून पत्र लिहिलेले नाही, पण पहिली ओळ काय असावी हे मला त्या वेळी सुचले.